सूनबाईच्या हातांबाबत व्याह्यांस

आदरणीय व्याहीसाहेब यांस, आपल्या लेकीच्या सासऱ्याचा, गुडघे जेवढं वाकू देतात तेवढा वाकून नमस्कार. विहीणबाईंनाही नमस्कार सांगावा (त्यांच्यापुढे मी पूर्ण वाकलो असं सांगितलंत तरी चालेल, इथे बघायला कोणी नाही). आपली दाढ कशी आहे? ठणका आता कमी झाला असेल अशी आशा करतो. गेल्या चार दिवसांत मी आपल्याला चार वेळा फोन केला आणि चारही वेळा दाढेची चौकशी करून ठेवून दिला, त्यावरून आपल्याला वाटलं असेल की या माणसाला दुसऱ्याच्या दाढांचा भलताच कळवळा. कळवळा आहेच. पण फोन दाढेसाठी नव्हता. जे बोलायचं होतं ते घशापर्यंत यायचं आणि ऐनवेळी तोंडातून दाढ बाहेर पडायची, म्हणून शेवटी कागद घेऊन बसलो.

आधी एक काम करा. सूनबाईला त्या वजनकाट्यांच्या कारखान्यातल्या नोकरीचा होकार एक तारखेला कळवायचा आहे, असं आपण म्हणाला होतात. चित्रं कायमची सोडायची आणि तिथे बसून बिलं टाइप करायची. तर हे पत्र पूर्ण वाचून होईपर्यंत तिला होकार देऊ देऊ नका. पत्र लांबणार आहे (चाळीस वर्षं मी लाकडाला पॉलिश केलं, एक जाड हात मारण्यापेक्षा दहा पातळ हात मारावेत, हे आमच्या धंद्यातलं पहिलं तत्त्व, आणि लिहितानाही मला तेवढंच जमतं). पण एक तारखेला अजून पाच दिवस आहेत आणि आपण पेपर जाहिरातींसकट अर्ध्या तासात संपवता असं सूनबाई सांगते, तेव्हा वेळ पुरेल.

बरंचसं आपल्याला ठाऊक आहे, तरी मी पहिल्यापासून सांगतो, कारण मधूनच सुरुवात केली तर मी मधूनच पळ काढीन. आपली लेक शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते असं मी कौतुकाने लोकांना सांगतो तेव्हा लोकांच्या डोळ्यांपुढे फुलं-पाखरं येतात. मग मी खुलासा करतो: बेडकाचं हृदय, गांडुळाचा उभा छेद, माणसाचा कान आतून. लोक विषय बदलतात. पण तो गांडुळाचा छेद आपण नीट पाहिलात का हो? बाह्या कोपराच्या वर गुंडाळून, दोन्ही हात टेबलावर टेकून, श्वास रोखून ती टाकाने अशी रेघ ओढते की माझ्यासारख्या ब्रशवाल्याने तोंडात बोट घालावं. मी माझा चहा त्या खोलीच्या उंबऱ्यावर उभा राहून प्यायचो. आत जायचं नाही, बोलायचं नाही, फक्त बघायचं, असा माझा रोजचा नेम होता.

सहा महिन्यांपूर्वी त्या हातांवर पुरळ उठलं. करंगळीच्या कडेपासून थेट कोपरापर्यंत, खालच्या बाजूने, लालभडक, आणि खाज अशी की रेघ अर्ध्यावर सोडून ती उठायची. इथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घरातल्याच कुठल्यातरी वस्तूचा स्पर्श कातडीला सोसत नाही, कुठली ते शोधा. 'घरातल्याच' हा शब्द त्या सहज बोलून गेल्या, पण माझ्या तो जिव्हारी लागला. आमच्या घरातली वस्तू, आणि ती व्याह्यांच्या लेकीला सोसू नये! चौकशीचं काम मी त्याच दिवशी माझ्याकडे घेतलं (दिलं कोणीच नव्हतं).

पहिला आरोपी भांड्यांचा साबण. हिरवा, लिंबाच्या वासाचा, दिसायला अगदी गरीब. त्याला हद्दपार केलं आणि सूनबाईने भांड्यांना हात लावायचा नाही असं फर्मान काढून भांडी मी घासायला घेतली. आता मी पडलो लाकडाचा माणूस. वस्तू चकाकेपर्यंत हात थांबत नाही. पहिल्याच दिवशी चार भांड्यांना दीड तास लागला, आणि त्या न चिकटणाऱ्या तव्याचा काळा थर मी जुना मळ समजून मुळापासून उतरवला (आता त्याला सगळं चिकटतं). ते पाहून सूनबाईने मुकाट्याने रबरी हातमोजे आणले आणि भांडी परत स्वतःकडे घेतली. तर डॉक्टरीणबाई म्हणतात, अहो, रबरानेही कित्येकांच्या अंगावर उठतं. म्हणजे कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं. हातमोजेही गेले.

मग निकेल आलं. हा धातू आपल्या घरात बिऱ्हाड करून आहे हे मला सदुसष्ट वर्षं माहीत नव्हतं. डॉक्टरीणबाईंच्या यादीत घड्याळाचा पट्टा होता, किल्ल्या होत्या, कात्री, चष्म्याची काडी, पॅन्टचं बटण, दाराची मूठ, काय विचारू नका. मी औषधांच्या दुकानातून पांढरी चिकटपट्टी आणली आणि घरात जे जे चकाकतं ते ते गुंडाळून टाकलं. दोन दिवस आमचं घर हाड मोडलेल्यांच्या वॉर्डासारखं दिसत होतं. तिसऱ्या दिवशी चिरंजीव कामावरून आले तर त्यांची किल्ली कुलपात जाईना, कारण मी ती टोकापर्यंत गुंडाळली होती (चिरंजीव लिफ्ट दुरुस्त करतात, दिवसभर अडकलेल्यांची सुटका करतात, आणि स्वतःच्या घरात त्यांना शिरता येईना). सूनबाई आतून उघडायला गेली तर पट्टी नुसतीच हातात फिरायची, मूठ जागची हलायची नाही. दाराच्या दोन्ही बाजूंना दोघं पोट धरून हसत बसली. मीही हसलो. हसता हसता माझं लक्ष तिच्या हाताकडे गेलं. ती हसत होती आणि दुसऱ्या हाताने खाजवत होती, आणि आपण खाजवतोय हे तिला कळतही नव्हतं. त्या दिवशी माझं जेवणात लक्ष लागलं नाही.

पुढच्या आरोपींची हकिगत थोडक्यात सांगतो (हे मी स्वतःलाही बजावतो आहे). चिरंजीवांच्या दाढीनंतरच्या सुगंधी पाण्यावर बंदी आली, आणि आठवडाभरात ते आपल्या मूळ वासावर, म्हणजे वंगणाच्या वासावर आले. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या कुंडीतली शेवंती आमच्या खिडकीत डोकावते. शेवंतीही यादीत होती. मी जाऊन त्यांना सभ्य शब्दांत सांगितलं की आपली शेवंती संशयित आहे. त्यांनीही सभ्य शब्दांत विचारलं की शेवंतीने नेमकं कोणत्या दिवशी आपल्या घरात येऊन सूनबाईंचे हात धरले. तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. धुण्याची पावडर गेली, पडद्यांचा रंग गेला, न्हाणीघरातली फेस येणारी प्रत्येक बाटली गेली. घर रिकामं होत चाललं आणि पुरळ होतं तिथेच होतं. मी दर नव्या आरोपीबरोबर छाती पुढे काढून सूनबाईला सांगायचो, बघ, आता चार दिवसांत उतरतं की नाही. ती म्हणायची, हो बाबा. प्रत्येक वेळी म्हणायची, हो बाबा.

दीड महिन्यापूर्वी ती आठ दिवस आपल्याकडे आली आणि हात स्वच्छ झाले. परत आली, मी तिच्या स्वागताला घर घासूनपुसून लख्ख ठेवलं होतं, आणि पाचव्या दिवशी पुरळ दामदुपटीने आलं. त्या सकाळी ती टेबलाशी बसून रडत होती. माझी चाहूल लागल्यावर डोळे पुसले आणि हसून म्हणाली, "बाबा, मला बहुतेक हे घरच सोसत नाही." तिने ते थट्टेने म्हटलं, पण मला ते थट्टेने ऐकता आलं नाही. आठवड्याभरात ती टाक आणि शाईच्या बाटल्या घेऊन (हात पूर्ण बरे होईपर्यंत त्या उघडायच्या नाहीत असं ठरवून) आपल्याकडे आली, त्याला आज तीन आठवडे झाले.

आणि गेल्या गुरुवारी आपला फोन आला. तिकडच्या डॉक्टरांनी पाठीवर वेगवेगळ्या पदार्थांच्या पट्ट्या ओळीने चिकटवल्या, पोरीने दोन दिवस अंघोळ न करता काढले, आणि पट्ट्या काढल्यावर त्यांतल्या एकीखाली कातडी तशीच लाल झाली होती, आणि ती पट्टी राळेची होती. आपण मला विचारलंत, "काय हो, तुमच्याकडे राळ कुठे असते का?" आणि मी म्हणालो, "राळ? छे हो! आमच्याकडे कुठली राळ!"

व्याहीसाहेब, आमच्याकडे राळ आहे. पाच किलोचा डबा भरून आहे. डब्यावर 'खिळे' असं लिहिलेलं आहे.

आता ते 'खिळे' का, हे सांगायला हवं. माझ्या उस्तादांनी मला राळ घातलेल्या पॉलिशचं मिश्रण शिकवलं तेव्हा शपथ घातली होती की हे कोणाला कळता कामा नये. मिश्रण बाहेर गेलं की कारागीर संपला. तेव्हापासून माझ्या कामाच्या खोलीतल्या एकाही डब्यावर खरं नाव नाही. मेणाच्या डब्यावर 'चुना' आहे, टर्पेंटाइनच्या बाटलीवर 'डोळ्यांचं औषध' आहे (हे धोक्याचं आहे हे मला मान्य आहे). पोटच्या मुलालाही मी कधी सांगितलं नाही, आणि त्यानेही, खरं सांगायचं तर, कधी विचारलं नाही. त्यामुळे सहा महिने सगळं घर उलटंपालटं झालं, पण 'खिळे' लिहिलेल्या डब्याकडे बोट दाखवणारा कोणी नव्हता. एकटा मीच होतो, आणि मी तर चौकशी अधिकारी.

सूनबाईचं ते टेबल मी तिच्यासाठी तयार केलं होतं, हे आपण पाहिलं आहे. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ती त्यावर हात ठेवून म्हणाली, "बाबा, या टेबलाशी बसलं की कामाला लागावंसं वाटतं." व्याहीसाहेब, चाळीस वर्षांत मी किती घरांची दारं, कपाटं, पलंग चमकवले असतील त्याला सुमार नाही. लोक म्हणायचे, वास फार येतोय, कधी संपणार. आपल्या कामावर हात ठेवून कोणी असं काही बोलेल ही आशा मी केव्हाच सोडली होती. एवढ्या एका वाक्याने मी पाघळलो. त्यानंतर रोज पहाटे, ती उठायच्या आत, मी त्या टेबलाला पॉलिशचा एक ताजा हात मारत आलो. तिला ते माहीत नव्हतं; तिला वाटायचं, चांगलं लाकूड असंच असतं. पुरळ आल्यावर ती उदास दिसायला लागली, तेव्हा मी दोन हात मारायला लागलो. आणि ती आपल्याकडून परत आली त्या दिवशी, आनंदाच्या भरात, चार. जिथे जिथे तिचा हात टेबलाला टेकतो तिथे तिथे पुरळ होतं, करंगळीच्या कडेपासून कोपरापर्यंत. लाकडावरचा केसाएवढा ओरखडा मला दहा हातांवरून दिसतो, आणि हे सहा महिने उंबऱ्यात उभा राहून चहा पिताना दिसलं नाही.

हे मला त्या फोनवर, राळ हा शब्द ऐकल्याबरोबर, एका क्षणात कळलं. तरी खोटं बोललो. लाज वाटली हो. जिच्यासाठी साऱ्या घराची झडती घेतली, शेजारणीच्या शेवंतीवर आळ घेतला, तिच्या हातांची ही दशा आपणच केली, हे तिच्या सख्ख्या बापाला कोणत्या तोंडाने सांगायचं? मग मनाने सोयीची वाट काढली. टेबल गुपचूप खरडून कोरं करायचं, डबा बाहेर काढायचा, ती आली की पुरळ उठायचं नाही, आणि लोक म्हणणार, काय हवा बदलली बघा. कोणाला काही कळलं नसतं. मी लगेच खरडायलाही बसलो. पण आपण त्याच फोनवर पुढे म्हणाला होतात, तुमच्याकडे नाही म्हणता, मग तिच्या शाईतच असणार. ते मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. रविवारी चिरंजीव आपल्याकडून परत आले आणि बूट काढता काढता म्हणाले की तिने टाक, निबा, शाईच्या बाटल्या सगळं एका खोक्यात भरलं, खोक्याला दोरी बांधली आणि माळ्यावर टाकायला दिलं. तिने दोरीला दोन गाठी मारल्या, असंही म्हणाले. मी काचपेपर खाली ठेवला.

त्यांना मी तिथेच सगळं सांगितलं. त्यांनी दुसरा बूटही काढून ठेवला. मला वाटलं आता ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं. मग त्यांनी टेबलाचे खण बाहेर काढले, दुसरा काचपेपर घेतला आणि माझ्याशेजारी फरशीवर बसून कडा घासायला लागले. जन्मात कधी त्यांनी माझ्या कामाला हात लावला नव्हता (आणि अजूनही लाकडाच्या रेषांच्या आडवे घासतात, पण मी काही बोललो नाही). कालपर्यंत टेबल कोरं झालं. खोलीची खिडकी उघडी ठेवली आहे. डबे, बाटल्या, फडकी, माझे कामाचे कपडे, सगळं घराबाहेर गेलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या घरात पॉलिश नसलेलं लाकूड आहे, आणि खरं सांगतो, दिसायला ते भयंकर आहे.

तेव्हा तिला सांगा, शाईचा काही दोष नाही. डॉक्टरांना विचारून खात्री करून घ्या, माझ्या शब्दावर आता जाऊ नका, पण खोक्याची दोरी सोडा. वजनकाट्यांच्या कारखान्याला बिलं टाइप करायला दुसरं कोणीही मिळेल. गांडुळाच्या पोटात शिरून इतक्या प्रेमाने बघणारं माणूस मिळायचं नाही. इकडे परत येण्याबद्दल माझा कसलाही आग्रह नाही. तिला तिकडे बरं वाटत असेल तर तिने खुशाल तिकडे राहावं, चिरंजीवांनी ये-जा करावी, मी एकटा अगदी मजेत आहे. विहीणबाईंना आणि घरातल्या सर्वांना माझा नमस्कार. कळावे, राग असावा, पण पत्राचं उत्तर द्यावं.

आपल्या लेकीचा सासरा

ता. क. डॉक्टरांना दाखवायला मिश्रण पूर्ण लिहून देतो, कशातही आणखी काही लपलेलं राहायला नको. मेण दोन भाग, टर्पेंटाइन तीन भाग, राळ एक भाग. यात चौथी एक गुप्त वस्तू असते असं उस्ताद सांगायचे आणि पुढे मीही चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो. चौथी वस्तू काही नाही. उस्तादांनी हे मला अगदी शेवटी, दवाखान्यातल्या खाटेवर सांगितलं. आपण बाहेर बोलू नये.

दुसरा ता. क. विहीणबाईंनी विणून पाठवलेला निळा स्वेटर हरवला असं मी सूनबाईला सांगितलं होतं. तो हरवला नव्हता. लोकरही यादीत होती, म्हणून मी तो दोन महिने माळ्यावर तुरुंगात ठेवला होता. निर्दोष सुटला आहे आणि तिच्या कपाटात आहे. विहीणबाईंना हे सांगायचं की नाही ते आपण ठरवा, आपण त्यांना जास्त ओळखता.

तिसरा ता. क. वर आग्रह नाही असं लिहिलं ते खोटं आहे. मजेत आहे हेही. गुरुवारपासून उंबऱ्यात उभा राहून त्या रिकाम्या खुर्चीकडे बघत चहा पितो, आणि तो गार होतो.

शेवटचा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, फोडून पुन्हा कागद काढला. खरं विचारायचं ते राहिलंच, किंवा ते विचारण्यासाठीच एवढं लिहिलं असेल. आपण तिला लहानाची मोठी केलीत. कधीतरी आपल्या हातूनही तिला लागलं असेल. दारात बोट सापडलं असेल, रागाच्या भरात नको ते बोललं गेलं असेल. तेव्हा आपण काय केलंत? जाऊन शेजारी बसायचं, की थोडं एकटं सोडायचं? सॉरी म्हटलेलं तिला चालतं, की त्याने जास्त रडते? आधी हसवावं लागतं का? चिरंजीवांवरून मला काही अंदाज येत नाही, कारण त्यांची माफी मी कधी मागितलीच नाही. आपल्याजवळ सत्तावीस वर्षांचा अनुभव आहे. मला ती थेट सत्तावीस वर्षांची मिळाली. तेव्हा कृपा करून एवढं कळवा, तिची माफी कशी मागतात.